पॅटिसशिवायचा रगडा

मला मान वळवता येते! दोन्हीकडे येते! डावीकडेसुद्धा!

तुम्ही म्हणाल, यात एवढं ओरडून सांगण्यासारखं काय आहे? अहो, गेली चार-पाच वर्षं माझी मान आणि माझं धड हा एकच सलग अवयव होता. गाडी मागे घ्यायची तर बायकोला खाली उतरवायचो, ती "येऊ द्या, येऊ द्या" करायची. महाद्वार रोडवर कुणी डावीकडून हाक मारली की मी आधी थांबायचो, मग पायांनी अख्खा वळायचो आणि मग बघायचो, कोण आहे ते. तोवर तो माणूस निघून गेलेला असायचा. दोन-तीन जणांनी तर "हल्ली ओळख देत नाही" असा बोभाटाही केला होता.

माझं वय ४३. कोल्हापूरकराला या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. पावसाळ्यात आमचं शहर सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी "पाणी किती फुटावर?" असं विचारतं. मी शाहूपुरीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बसतो. आमच्याकडे जुलै म्हणजे रिटर्न भरायची घाई, दिवसाचे बारा-बारा तास कॉम्प्युटरपुढे. म्हणजे बाहेर नदी चढते आणि आत माझी मान. यंदा दोघींनी एकाच आठवड्यात पातळी ओलांडली.

मलम झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, उशी तीनदा बदलली, मानेचा पट्टा लावून ऑफिसात मिरवलो. राजारामपुरीत एका पाटीवर 'डीप टिश्यू मसाज' असं वाचलं, आत डोकावलो, तिथला मंद उजेड आणि पाण्याच्या खुळखुळाटाचं संगीत ऐकून बिचकलो आणि परत आलो. तेव्हा ऑफिसात चहा आणणारा पोरगा म्हणाला, "साहेब, हे काय करत बसलायसा? मामांकडं चला. रगडा देत्यात. नाद खुळा!"

तोवर रगडा म्हटलं की मला फक्त पॅटिस आठवायचं.

मामा कुणाचे सख्खे मामा आहेत, कुणास ठाऊक, पण अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते. सत्तरी ओलांडलेले, कान चेपून गोळा झालेले, मनगट माझ्या पोटरीएवढं. तरुणपणी तालमीत राहिले, कुस्त्या केल्या, नंतर पोरांना डाव शिकवले आणि आता दुखणाऱ्या माणसांचं अंग रगडतात. मंगळवार पेठेतल्या एका बोळात दहा बाय दहाची खोली. समोर मारुतीची तसबीर, खाली सतरंजी, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली तिळाच्या तेलाची वाटी. संगीत म्हणाल तर शेजारच्या घरातला मिक्सर.

मला वाटलं, आता आडवं पाडतील. छे! आधी चौकशी. "साखर हाय का? बीपी? रक्त पातळ व्हायच्या गोळ्या? ताप येऊन गेला का? हाड मोडलं होतं का कधी? हाताला मुंग्या येत्यात का?" एवढी चौकशी मी कर्ज घेताना बँकेनंही केलेली पाहिली नव्हती. शेवटी विचारलं, "काय खाऊन आलायसा?" मी खरं सांगितलं, कटवडा. "मग बसा दीड तास." आणि खरोखर दीड तास बसवून ठेवलं!

मग सुरुवात झाली आणि माझी पहिली निराशाही झाली. कारण पहिली पंधरा मिनिटं मामा नुसते तळव्यांनी तेल जिरवत होते. खांद्याकडून खाली, कमरेकडून वर, सावकाश, जणू जमीन सारवतायत. मी मनात म्हटलं, हे तर आमची आजीही करायची. विचारलं तर म्हणाले, "अंग ऊन झाल्याबिगर आत शिरायचं न्हाई. थंड अंगात बोट घातलं की अंग दार लावून घेतंय."

मग तळव्यांचे अंगठे झाले. अंगठ्यांचा मनगट ते कोपर असा अख्खा हात झाला. शेवटी कोपर. उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेने कोपर सरकत सरकत एका जागी थांबलं. "हितं हाय बगा." तिथं शेंगदाण्याएवढं काहीतरी टणक आहे, हे मलाही आतून कळलं. आणि गंमत बघा, मामांचं कोपर पाठीत आणि कळ माझ्या उजव्या कपाळात! नेमकी तिथं, जिथं रोज संध्याकाळी पाच वाजता डोकं ठणकायला लागायचं! मी ओरडलो, "मामा, कपाळात लागलं!" ते शांतपणे म्हणाले, "तितंच जातंय ते."

घरी येऊन वाचलं तेव्हा मी थक्क झालो. दुखण्याचं मूळ एका स्नायूत आणि कळ भलतीकडेच, याचे नकाशे डॉ. जेनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर काम करून काढले. या बाई अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर. त्यांचा आणि डेव्हिड सिमन्स यांचा ग्रंथ १९८३ साली आला. मामांनी तो वाचलेला नाही. मामांना इंग्रजी येत नाही. पण दुखणं एकीकडे आणि कळ दुसरीकडे, हे त्यांच्या कोपराला ठाऊक!

त्या शेंगदाण्यावर मामांनी पुढे काय केलं, ते सांगतो. काहीच केलं नाही. दाबलं नाही, घासलं नाही. कोपर तिथं ठेवलं आणि हळूहळू अंगाचं वजन सोडलं. "दम धरू नका. सोडा. अजून सोडा." मी श्वास सोडत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि साधारण मिनिटभरानं, गुळाचा खडा जिभेवर ठेवल्यावर कडेने सुटायला लागतो ना, तसं ते सुटायला लागलं. शपथेवर सांगतो, सुटलं!

तासाभरानं उठवून बसवलं आणि म्हणाले, "वळवा मान." मी सवयीनं कमरेतून वळायला लागलो. त्यांनी दोन्ही खांदे धरून ठेवले. "नुसती मान." आणि मान वळली. डावीकडे कोपऱ्यात लाकडी मुद्गलांची एक जोडी उभी होती. अडीच तास मी त्या खोलीत होतो आणि ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

त्या संध्याकाळी मी चौदा जणांना फोन केले.

आणि मग माझी मलाच लाज वाटली. कारण मी राहतो कुठं? कोल्हापुरात! गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं आमच्याकडे पत्ता सांगताना येतात, त्या नावांच्या तालमी आहेत. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले, रोमचं कलोसियम पाहून आले आणि तसलंच गोल, कुठूनही आखाडा दिसेल असं खासबाग मैदान त्यांनी इथं बांधलं. १९१२ साली ते तयार झालं. त्याच्या शेजारून मी रोज स्कूटर घेऊन जातो. खाशाबा जाधव याच गावातल्या राजाराम कॉलेजात शिकले आणि १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे याच मातीत घुमले. हे सगळं मला पाठ होतं. पण जोर-बैठका, लढती, दूध-बदाम यांच्या जोडीला रोजच्या तालमीत अंग रगडून घेणं असतं, पोरं एकमेकांना तेल लावतात, धाकटा थोरल्याचे खांदे रगडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लढायला शरीर त्यामुळे उभं राहतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पैलवानांचं ते पैलवानांचं, आपण कारकून माणसं! अहो, बारा तास मान पुढे काढून बसणं ही मेहनतच आहे. फक्त त्यानंतर तेल लावायला कुणी नसतं.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवेना. पाचशे बैठका मारल्यासारखं अंग ठणकत होतं. मामांनी आधीच सांगितलं होतं, "उद्या शिव्या घालशीला, परवा नाव काढशीला." तसंच झालं. दुसरा दिवस शिव्यांचा. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगात कुणी नवा माणूस बसवल्यासारखं हलकं! रात्री गाढ झोप, संध्याकाळी डोकं शांत. आणि मला हाव सुटली. चौथ्या दिवशी मी टॉवेल घेऊन मामांच्या दारात हजर. म्हटलं, रोज येतो!

मामांनी दारातूनच परत पाठवलं. "नांगरलेलं रान लगेच दुसऱ्या दिशी कोण नांगरतंय का? वाफसा येऊ दे की अंगाला."

वाफसा! शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला या एका शब्दात सगळं कळतं. पाऊस पडून गेल्यावर चिखलात औत घालायचं नाही, जमीन वाळून टणक झाल्यावरही नाही. माती मुठीत घेतली तर गोळा व्हावी, पण हाताला चिकटू नये. ती वेळ कॅलेंडर सांगत नाही, रान सांगतं. तसं अंगाचंही. रगडल्यावरचा ठणका पूर्ण गेला पाहिजे, बोटानं दाबून पाहिलं तर हुळहुळता कामा नये. मगच पुढची पाळी.

"तरी पण मामा, अंदाजे किती दिवसांनी?" मी कर सल्लागाराच्या ऑफिसातला माणूस, मला तारीख लागते. म्हणाले, "तुमचं दुखणं जुनं हाय. पैला महिना आठवड्याला एकदा. मग पंधरा दिसांनी. मग महिन्यानं. आणि जुलैत पुन्हा आठवड्याला, तुमची कुस्ती तवाच असती."

मी घरी आलो आणि शोधाला लागलो. आता मला सगळं जाणून घ्यायचंच होतं! आणि काय सापडलं, सांगू? सिएटलमधल्या संशोधकांनी मानेच्या जुन्या दुखण्याच्या २२८ जणांवर नेमका माझाच प्रश्न तपासला होता: मालीश किती वेळ आणि आठवड्यातून किती वेळा? २०१४ साली निष्कर्ष छापून आला. चार आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी तासभर, अशांना सर्वांत जास्त फायदा. अर्ध्या तासाच्या मालिशीचा मात्र काहीच न केलेल्यांपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. म्हणजे पाऊण मिनिट खांदे चेपून "झालं का?" विचारणाऱ्या माझ्या चिरंजीवांचा काही उपयोग नाही! गुडघ्यांच्या झिजेवर अमेरिकेतच २०१२ साली झालेल्या अशाच अभ्यासात १२५ माणसं होती. तिथं आठवड्याला एकदा, एक तास हे माप सगळ्यांत सोयीचं ठरलं.

आता हे सिएटलचं आठवड्यातून तीनदा आणि मामांचं एकदा, यांचं कसं जमायचं? मामांना विचारलं. "ते रगडतात का चोळतात?" प्रश्न बिनतोड होता. मालीश हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक तेल लावणं आणि एक रगडणं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करावा, विशेषतः डोकं, कान आणि पायांना, असं सांगितलंय. ते तेल लावणं. ते रोज चालतं, स्वतःच्या हातानं चालतं. अंगठा आणि कोपर आत घालून केलेलं रगडणं निराळं. त्याला वाफसा लागतो. आणि हो, अजीर्ण असेल तर अभ्यंग करू नये, हेही वाग्भटानं लिहून ठेवलंय. माझा कटवडा त्यातच मोडत असणार.

एक गैरसमज मात्र माझाही गेला आणि मामांचाही. ते म्हणायचे, रगडल्यानं अंगातलं आंबट पाणी निघून जातं. आंबट पाणी म्हणजे लॅक्टिक ॲसिड. पण ते मेहनतीनंतर तासाभरात आपलं आपणच ओसरतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग एकाच पायाची दहा मिनिटं मालीश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. लॅक्टिक ॲसिडमध्ये काही फरक नाही, पण मालीश केलेल्या स्नायूत दाह चेतवणारे संकेत मंदावलेले आणि पेशींना शक्ती पुरवणारी यंत्रणा वाढवणारे संकेत जागे झालेले! मामांना सांगितलं तर म्हणाले, "पाणी जातंय का आग जाती, ते तुमी ठरवा. कोपर माझंच लागतंय."

बायको हे सगळं महिनाभर ऐकत होती. एक दिवस तिनं मला गप्प केलं. म्हणाली, "शोध कसला लावलायस? तुझ्या लेकीच्या जन्माच्या वेळी सव्वा महिना बाई येत होत्या. रोज बाळाला आणि मला तेल लावून रगडून शेक देत होत्या. तेव्हा तुला नाही दिसलं?"

खरंच की! विचार करून बघा, आपल्या घरात माणसाचं आयुष्यच रोजच्या मालिशीनं सुरू होतं. मग बाई यायच्या बंद होतात. त्यानंतर नरक चतुर्दशीला पहाटे थंडीत कुडकुडत पाटावर बसायचं, आई घाईघाईनं तेल-उटणं लावणार, म्हणजे वर्षातून एकदा. पुढे नोकरी, मग तेही नाही. पहिल्या चाळीस दिवसांत रोज आणि पुढच्या चाळीस वर्षांत जवळजवळ कधीच नाही, हे कुठलं वेळापत्रक? आणि इंग्रजांनी मात्र 'शांपू' आपल्याकडूनच उचलला. शांपू हा शब्द चांपणं, चंपी यांच्याच कुळातला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मदनं एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रायटनला जाऊन 'शांपूइंग'ची स्नानगृहं काढली. तिथं डोकं धुवायचं नव्हतं, अंग रगडून घ्यायचं होतं. राजा चौथा जॉर्जही त्याचा गिऱ्हाईक! आपण तो शब्द बाटलीतून परत आणला आणि रगडणं तिकडेच विसरलो.

बायकोनं त्याच बाईंना निरोप धाडला. आता त्या महिन्यातून दोनदा येतात. दार लावून घेतात आणि मला बाहेर चहा करायला बसवतात.

पण माझ्या उत्साहाला एक लगाम बसला, तोही सांगायलाच हवा. मी माझ्या मेहुण्यालाही ओढत मामांकडे नेलं. त्याची डावी पोटरी दुखत होती. लांबच्या प्रवासातून आला होता. मला वाटलं, मामा दोन मिनिटांत मोकळी करतील. मामांनी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एक सुजलेली, हाताला गरम. त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "ह्याला हात लावायचा न्हाई. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टर म्हणाले, रगडली असती तर ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका होता. त्या रात्री मला मामांच्या पहिल्या दिवशीच्या चौकशीची किंमत कळली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडं, ताप, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, हातापायाला बधिरपणा: यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. आणि चौकशी न करता कोपर लावणारा कुणी भेटला तर टॉवेल उचलून सरळ घरी यावं. आपण ओरडायला लागलो तरी दाबतच राहणारा भेटला तरीसुद्धा.

तर माझं गणित आता असं बसलंय. रोज आंघोळीआधी पाच मिनिटं मानेला आणि तळपायांना आपल्याच हातानं तेल. पहिल्या महिन्यात चार शनिवार मामा. नंतर दोन महिने पंधरवड्याला. आता महिन्यातून एकदा. कॉम्प्युटर चार इंच वर उचललाय, कारण मामा म्हणाले, "तुमी वाकडं बसणार आणि मी सरळ करत बसणार, हे काय खरं न्हाई." खर्च म्हणाल तर दोघांच्या मटण थाळीच्या आतबाहेर.

पण तुम्ही माझ्या तारखा उचलू नका. तुमचं काम वेगळं, वय वेगळं, दुखणं वेगळं. दोनच खुणा लक्षात ठेवा, दोन्ही आपल्याच मुलखातल्या. वाफसा येण्याआधी जायचं नाही. आणि इशारा पातळी ओलांडेपर्यंत थांबायचं नाही. मधला जो काळ, तो तुमचा. कुणाचा आठ दिवसांचा, कुणाचा दीड महिन्याचा.

आज रात्री झोपण्याआधी ताठ बसा, खांदे हलू न देता मान एकदा उजवीकडे वळवा, एकदा डावीकडे. कुठं अडते ते बघा. तुमचं पाणी किती फुटावर आहे, ते तिथं कळेल. ३९ ला निघा. ४३ ची वाट मी बघितली, तुम्ही बघू नका.